लगाम, खोगीर, टाच: घोडेस्वारीवरचे इंग्रजी वाक्प्रचार कसे शिकायचे

माझ्याकडे संध्याकाळी इंग्रजी शिकायला येणाऱ्या एका मुलाला नवीन नोकरीत साहेबांनी पावसात गाडीतून स्टेशनपर्यंत सोडलं. दुसऱ्या दिवशी ह्यानं आभाराचा मेल टाकला, 'थँक यू फॉर टेकिंग मी फॉर अ राइड'. ग्रामर बरोबर, स्पेलिंग बरोबर, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात पहिला अर्थ येतो तो 'मला गंडवल्याबद्दल धन्यवाद'. ऑफिसात चार लोक हसले आणि पोरानं मेल लिहायचाच धसका घेतला. मराठी मीडियमचा, मेहनती मुलगा, शब्द न् शब्द डिक्शनरीत बघून लिहिणारा. मला फार लागलं ते, कारण त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं, पुस्तकात वाक्प्रचारांच्या याद्या असतात, समोर अर्थ असतो, पाठ करा आणि पेपरात लिहा, संपलं.

तेव्हापासून मी हे वाक्प्रचार यादीनं शिकवणं बंद केलं. घोड्यापासून सुरुवात करते. घोडा, त्याच्या अंगावरचं सामान आणि वर बसलेला माणूस ह्यांचं नातं एकदा कळलं की निम्मे अर्थ आपोआप उलगडतात, आणि मुख्य म्हणजे कुठे वापरायचे नाहीत ते पण कळतं. खाली तीच पद्धत पायरीपायरीनं देतेय. एका दिवसात सगळं वाचू नका, एका पायरीला दोन-तीन दिवस द्या.

पायरी १: आधी सामान ओळखा

एका कागदावर घोड्याचं तोंड काढा, वेडंवाकडं चालेल. तोंडात आडवी लोखंडी कांडी असते तिला इंग्रजीत 'बिट' म्हणतात. त्या कांडीच्या दोन टोकांपासून स्वाराच्या हातापर्यंत येणारे पट्टे म्हणजे 'रेन्स'. कांडी, पट्टे आणि डोक्यावरचा साज सगळं मिळून 'ब्रायडल'. आपण मराठीत ह्या सगळ्याला सरसकट लगाम म्हणून मोकळे होतो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो, कारण इंग्रजीत ह्या तिन्हींचे वाक्प्रचार वेगळे आहेत. पाठीवर 'सॅडल', म्हणजे खोगीर. स्वाराच्या बुटाच्या टाचेला 'स्पर', टोचायचा काटा. डोळ्यांच्या बाजूला झापडं, 'ब्लिंकर्स'. आणि घोडा गाडीला जोडलेला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंनी गाडीपर्यंत जाणारे ओढायचे पट्टे, 'ट्रेसेस'.

आता बिटकडे नीट बघा. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि मागच्या दाढांच्या मध्ये एक मोकळी जागा असते, नुसती हिरडी. कांडी तिथे बसते, म्हणून लगाम ओढला की घोड्याला हिरडीवर दाब जाणवतो आणि तो ऐकतो. पण घोड्यानं ती कांडी सरकवून दातांत धरली तर? मग तुम्ही कितीही ओढा, हिरडीवर काही पोचत नाही, घोडा स्वतःच्या मर्जीनं सुटतो. 'टेक द बिट बिटवीन युअर टीथ' तो हा. एखादी गोष्ट अशी जिद्दीनं हातात घेणं की आता मागून कोणी ओढून थांबायचं नाही. कौतुकानं पण म्हणतात, काळजीनं पण म्हणतात.

'चँपिंग ॲट द बिट' वेगळं. तिथे घोडा अजून उभाच आहे, सोडलेलं नाही, म्हणून उतावीळपणे कांडी चावत बसलाय. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी शेवटच्या तासाला वर्गातली मुलं जशी दिसतात ना, तसं. बरेच लोक 'चॉम्पिंग' म्हणतात, तेही आता चालतं, परीक्षेत लिहायचं असेल तर 'चँपिंग' ठेवा.

पायरी २: लगामाचं घराणं, ह्याला सगळ्यात जास्त वेळ द्या

माथेरानला मोटारी बंद, दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवायची आणि पुढे पायी नाहीतर घोड्यावर, हल्ली ई-रिक्षा पण आहे. मी घोडा केला होता. एका उताराला लाल मातीत गोटे सुटे झालेले, झाडांची मुळं वर आलेली, मला भीती वाटली म्हणून मी लगाम छातीशी ओढून धरला. घोडा मान वर करून तिथेच अडखळायला लागला. घोडेवाले काका खालून म्हणाले, 'ताई ओढू नका, सैल सोडा, त्याला ठाव आहे पाय कुठं टाकायचा.' मी पट्टे सोडले. घोड्यानं मान खाली घातली, जमिनीच्या जवळ नाक नेलं, आणि एक-एक खूर ठेवत आरामात उतरला.

हे झालं 'फ्री रेन'. 'गिव्ह समवन फ्री रेन' म्हणजे समोरच्याला ठाव आहे असं समजून त्याच्यावर सोपवणं. नुसतं मोकाट सोडणं नाही, बसलेले तुम्ही वरच असता, पट्टे पण हातातच असतात, फक्त सैल. बॉसनं टीमला डिझाइन करायला पूर्ण मोकळीक दिली तर 'शी गेव्ह द टीम फ्री रेन'. इथे स्पेलिंगला जपा. लगामाचा रेन आर-ई-आय-एन असा लिहितात. आर-ई-आय-जी-एन असं लिहिलं की तो राजाचा कारभार, राज्य करणं. उच्चार एकच असल्यामुळे आणि 'मोकळं राज्य' हा अर्थ पण डोक्याला पटत असल्यामुळे इंग्लंड-अमेरिकेतले शिकलेले लोकसुद्धा सर्रास चुकतात. तुम्ही लिहिताना फक्त एवढं आठवा, घोड्याच्या लगामात 'जी' नाही.

उलट बाजूला 'कीप अ टाइट रेन ऑन', खर्चावर किंवा माणसांवर करडी नजर ठेवून आवळून धरणं. 'रेन इन' म्हणजे सुटत चाललेलं परत आवरणं, 'वी नीड टू रेन इन अवर स्पेंडिंग'. ह्या दोघांत फरक आहे बरं का, टाइट रेन पहिल्यापासून आवळलेला असतो, रेन इन करायची वेळ येते ती सुटल्यावर. आणि 'टेक द रेन्स' म्हणजे सूत्रं हातात घेणं, 'हँड ओव्हर द रेन्स' म्हणजे दुसऱ्याच्या हाती देणं. वडिलांनी दुकान मुलीच्या हाती दिलं, तिथे हे चपखल बसतं. इथे रेन्स अनेकवचनी, फ्री रेन एकवचनी, ते बदलू नका.

'कर्ब' हा शब्द पेपरात रोज येतो, 'कर्ब इन्फ्लेशन', महागाईला आळा घाला. हाही घोड्याच्या तोंडातलाच. बिटचा एक प्रकार असतो 'कर्ब बिट', त्याला हनुवटीखालून एक साखळी जाते, लगाम ओढला की कांडी तरफेसारखी फिरते आणि साखळी हनुवटीखाली आवळते. हे चित्र डोळ्यासमोर आणलं की कळतं, कर्ब करणं म्हणजे पूर्ण बंद करणं नाही, वेग आवरणं. विद्यार्थी 'कर्ब' आणि 'स्टॉप' एकच समजतात, तिथे मार्क जातात. तसंच 'अनब्रायडल्ड', डोक्यावर साजच नाही असा. अनब्रायडल्ड जॉय छान, अनब्रायडल्ड ग्रीड वाईट, शब्द दोन्हीकडे चालतो.

पायरी ३: खोगीर आणि टाच

'बॅक इन द सॅडल', आजारपण, बाळंतपण, ब्रेक असं काहीतरी होऊन माणूस परत कामावर रुजू झाला. हा शब्द प्रेमळ आहे, बिनधास्त वापरा. 'सॅडल्ड विथ' मात्र घोड्याच्या बाजूनं बघायचा, पाठीवर ओझं लादलंय. 'ही वॉज सॅडल्ड विथ हिज ब्रदर्स लोन', भावाचं कर्ज ह्याच्या बोकांडी बसलं. एकच खोगीर, स्वाराला ते अधिकार आणि घोड्याला भार, मला ही जोडी फार आवडते. आपल्याकडे खोगीर म्हटलं की खोगीरभरती आठवते, ती वेगळीच, खोगिरात काहीबाही कोंबावं तशी नुसती संख्या भरायला घेतलेली माणसं. सॅडलशी तिचा संबंध लावायला जाऊ नका.

'स्पर समवन ऑन' म्हणजे टाच मारून पुढे काढणं, पण अर्थ चांगला, हुरूप देणं. 'ऑन द स्पर ऑफ द मोमेंट' म्हणजे आयत्या वेळी सुचलं आणि केलं, टाच लागल्यासारखं.

'गिव्ह समवन अ लेग अप' हा पाय वर करण्याचा प्रकार नाही. उंच घोड्यावर चढायचं असतं तेव्हा स्वार डावा गुडघा वाकवतो, बाजूचा माणूस त्याच्या नडगीला हात लावून त्याला वर उचलतो, बसतो मात्र स्वार स्वतःच. म्हणून सुरुवातीला केलेली मदत, पुढची मेहनत ज्याची त्यानं करायची. स्कॉलरशिपबद्दल लिहायला ह्याच्याइतका सुंदर शब्द नाही.

पायरी ४: 'राइड' ह्या एका शब्दापासून सावध

त्या मुलाची चूक इथली. 'टेक समवन फॉर अ राइड' म्हणजे गंडवणं, चुना लावणं. अमेरिकेत १९२०च्या दशकात गुंडांच्या बोलीत तर ह्याचा अर्थ माणसाला गाडीत घालून न्यायचं आणि मारून टाकायचं असाच होता. कोणी गाडीनं सोडलं तर भारतात आणि ब्रिटनमध्ये सरळ 'थँक्स फॉर द लिफ्ट' म्हणा. अमेरिकेत 'थँक्स फॉर द राइड' चालतं, तिथे 'गिव्ह मी अ राइड' रोजचं बोलणं आहे. पण आयर्लंडमध्ये ह्याच 'राइड'ला अश्लील अर्थ आहे, तिकडे नोकरी-शिक्षणाला गेलेल्या आपल्या मुलांनी तर कटाक्षानं लिफ्टच म्हणावं. कृपया हे हसण्यावारी नेऊ नका, परक्या देशात पहिल्या दिवशी असा शब्द तोंडातून गेला की माणूस महिनाभर बोलत नाही.

'राइड'चे बाकीचे जोडून देते. 'अ लॉट इज राइडिंग ऑन धिस', ह्यावर बरंच काही अवलंबून आहे, मूळ घोड्यावर लावलेल्या पैशाचं. 'लेट इट राइड' पण जुगारातलं, जिंकलेला डाव न उचलता तसाच ठेवणं, त्यावरून 'असू दे, आत्ता छेडू नको'. 'राइडिंग हाय' म्हणजे सध्या जोरात आहे. 'राइडिंग फॉर अ फॉल' म्हणजे ज्या पद्धतीनं हाकतोय त्यानं पडणारच, हा इशारा आहे, पडल्यावर वापरायचा नाही. 'राइड आउट' म्हणजे वादळ सोसून पार पडणं, तो मुळात जहाजाचा, घोड्याचा नाही. 'अलाँग फॉर द राइड' म्हणजे मी काही करत नाहीये, नुसता सोबत आलोय.

'राइड शॉटगन' मुलांना फार आवडतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात घोडागाडीनं टपाल आणि पैसा जायचा तेव्हा गाडीवानाशेजारी बंदूक घेऊन राखणदार बसायचा, पुढे काउबॉयच्या गोष्टी आणि सिनेमांमुळे हा शब्द घराघरात गेला, आणि आता गाडीत ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसणं म्हणजे राइडिंग शॉटगन.

'राइड रफशॉड ओव्हर' मात्र हलका समजू नका. बर्फावर घोडा घसरू नये म्हणून नालेचे खिळे मुद्दाम वर काढून ठोकायचे, ती रफशॉड नाल. असा घोडा कोणाच्या अंगावरून गेला तर काय होईल? त्यावरून, दुसऱ्याच्या भावना, हक्क पायाखाली तुडवत जाणं. 'द कंपनी रोड रफशॉड ओव्हर द व्हिलेजर्स'. भूतकाळ 'रोड' होतो हे पण बघून ठेवा.

'हेल फॉर लेदर', जिवाच्या आकांतानं दौडणं. छापील इंग्रजीत १८८९ साली रुडयार्ड किपलिंगनं वापरलेला सापडतो, हिंदुस्थानातल्या गोऱ्या लष्करी घोडेस्वारांच्या तोंडचा. किपलिंगचा जन्म मुंबईचाच, १८६५चा. 'चौखूर उधळला' म्हणताना जो वेग जाणवतो तो ह्यात आहे, पण 'हेल'मुळे फॉर्मल पत्रात नको.

पायरी ५: रेसकोर्सवर जा, निदान मनानं

महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सला कधी गेला असाल तर हे पटापट कळतील. शर्यतीत जॉकी इतका पुढे असतो की शेवटी लगामावरचे हात खाली सोडून देतो, घोड्याला रेटायची गरजच नाही. 'विन हँड्स डाउन', सहज जिंकणं. दोघांच्या माना बरोबरीनं, 'नेक अँड नेक'. फक्त नाकाच्या अंतरानं, 'बाय अ नोज'. अमेरिकन रेसकोर्सवर शेवटच्या रेषेच्या वर तार ताणलेली असायची, म्हणून अगदी शेवटपर्यंत चुरस असेल तर 'डाउन टू द वायर'. 'जॉकी फॉर पोझिशन', चांगली जागा पकडायला ढकलाढकली, इथे जॉकी क्रियापद झालाय. निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी इंग्रजी चॅनल लावा, तासाभरात ह्यातले तीन-चार ऐकू येतात.

'डार्क हॉर्स' म्हणजे काळा घोडा नाही, ज्याच्याबद्दल कोणाला माहितीच नव्हती असा. अमेरिकेत १८४४ मध्ये जेम्स पोक असाच ध्यानीमनी नसताना उमेदवार झाला आणि राष्ट्राध्यक्षही झाला. तिथलाच दुसरा, १८६४ ची निवडणूक, युद्ध चालू, लिंकन म्हणाले नदीच्या मधोमध घोडे बदलू नयेत. 'डोन्ट चेंज हॉर्सेस इन मिडस्ट्रीम' तेव्हापासून रुजलं.

'स्ट्रेट फ्रॉम द हॉर्सेस माउथ' म्हणजे खात्रीची बातमी, तबेल्यातल्या माणसापेक्षाही आतली, साक्षात घोड्यानंच सांगितलेली.

आणि 'हॉर्स-ट्रेडिंग'. आपण आमदारांचा घोडेबाजार म्हणतो तो ह्याच शब्दाचा मराठी अवतार, पण आपल्याकडे तो पैसे चारून माणसं फोडण्यापुरताच उरलाय. इंग्रजीत तो घासाघीस करून देवाणघेवाण करणं इतकाच असू शकतो, दोन पक्षांनी बिलावर बसून 'तू हे सोड, मी ते सोडतो' केलं तरी हॉर्स-ट्रेडिंग. परदेशी माणसाशी बोलताना हा फरक ठेवा.

पायरी ६: दात बघा

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे गिऱ्हाईक सौदा करताना आधी घोड्याचा ओठ वर करतं, कारण वय दातांवरून कळतं. वय वाढलं की हिरड्या मागे सरतात, दात लांब आणि पुढे तिरके दिसायला लागतात. वरच्या कडेच्या दातावर साधारण दहाव्या वर्षी एक खाच उमटते, पंधराव्या वर्षापर्यंत अर्ध्यात येते, विसाव्याला टोकापर्यंत. म्हणून 'लाँग इन द टूथ', वय झालेला. माणसाच्या तोंडावर म्हणू नका, बोचतं. जुन्या गाडीला, जुन्या लॅपटॉपला म्हणा.

'डोन्ट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ', फुकट मिळालेल्या घोड्याचे दात तपासू नये. इंग्रजी म्हणींच्या १५४६ च्या संग्रहात ही आहे, लॅटिनमध्ये त्याहून कितीतरी जुनी. आपल्याकडे नेमकी हीच, फक्त जनावर बदललं, 'धर्माचे गायी आणि दात कां गे नाही'. अशी जोडी सापडली की मला खरंच भरून येतं, दोन लांबच्या गावांतले शेतकरी एकाच गोष्टीवर चिडलेले असतात.

पायरी ७: सारखे दिसणारे पण वेगळे

सगळे असे जुळत नाहीत. आपण घाई करणाऱ्याला म्हणतो 'घोड्यावर बसून आलायस का?' आणि विद्यार्थी ते 'हाय हॉर्स'ला जोडतात. 'गेट ऑफ युअर हाय हॉर्स'मध्ये घाई नाही, घमेंड आहे. मध्ययुगात उंच घोडे सरदार-उमरावांकडे, बाकीचे खालून मान वर करून बघणार, त्यावरून स्वतःला नीतिमान समजून वरून उपदेश करणं. घाईला इंग्रजीत 'होल्ड युअर हॉर्सेस' आहे, जरा थांब. तिथे हॉर्सेस नेहमी अनेकवचनी, मित्राला चालतं, भावंडाला चालतं, साहेबांना किंवा सासऱ्यांना नाही.

'वरातीमागून घोडं' आणि 'घोडा पळाल्यावर तबेल्याचं दार लावणं' हेही लोक एक समजतात. आपल्या म्हणीत उशीर आहे, इंग्रजीत नुकसान झाल्यावरची खबरदारी आहे. 'गंगेत घोडं न्हालं', 'घोडं पेंड कुठे खातंय' ह्यांना इंग्रजीत घोडाच नाही, भाषांतर करू नका, सरळ 'फायनली डन' किंवा 'व्हेअर द प्रॉब्लेम लाइज' म्हणा.

पायरी ८: वही आणि सराव

वहीत चार रकाने करा. पहिल्यात वाक्प्रचार, दुसऱ्यात चित्र (घोड्याचा कुठला भाग, कुठलं सामान), तिसऱ्यात स्वतःच्या घरातलं किंवा कामावरचं एक खरं वाक्य, चौथ्यात कोणाला म्हणायचं नाही. चौथा रकाना रिकामा ठेवायचा नाही. आठवड्याला तीन बास. परीक्षेच्या निबंधात 'कर्ब', 'रेन इन', 'स्पर' चालतात, 'फ्री रेन' पण. पण एका परिच्छेदात दोन-दोन कोंबू नका, तपासणाऱ्याला पाठांतर लगेच कळतं.

आता हे पाच करून बघा, खालचं झाकून ठेवा. एक, पगार वाढल्यावर मित्राचा खर्च हाताबाहेर गेलाय, आवरायला हवा. दोन, ऑपरेशननंतर आई परत शाळेत शिकवायला जायला लागली. तीन, बुकिंगचे पैसे घेऊन एजंटनं ट्रिपच नेली नाही. चार, कॉलेजच्या गॅदरिंगचं सगळं मुलांवर सोपवलं, कोणी ढवळाढवळ केली नाही. पाच, काकांनी शहरात आल्यावर पहिले सहा महिने राहायला जागा दिली.

पहिल्याला 'रेन इन'. दुसऱ्याला 'बॅक इन द सॅडल'. तिसऱ्याला 'टुक अस फॉर अ राइड'. चौथ्याला 'फ्री रेन', आणि लिहून बघा, 'जी' आला असेल तर खोडा. पाचव्याला 'गेव्ह मी अ लेग अप', इथे बरेच जण 'टुक मी अलाँग फॉर द राइड' लिहितात, त्यात काकांनी हात दिला हे येतच नाही.